हौसेची फोर बाय फोर: घरातली दुसरी गाडी निवडताना

प्रश्न: आम्ही मुलुंडला राहतो. रोजच्या वापरासाठी घरात पेट्रोलवर चालणारी एक सेडान आहे आणि ती ठेवायचीच आहे. आता हौसेसाठी एखादी दणकट फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, घ्यावी असे मनात आहे. आम्ही दोघे, 13 आणि 8 वर्षांची दोन मुले आणि 70 वर्षांची आई असे घरात पाच जण आहोत. महिन्यातून एक-दोन रविवार बाहेर पडता यावे आणि महाडच्या पुढे, वरंध घाटाच्या पायथ्याशी असलेल्या गावी भर पावसातही पोहोचता यावे, एवढी अपेक्षा आहे. गावची वाट लाल मातीची आहे, मध्ये एक ओहोळ आणि शेवटी चढ लागतो. मुंबईत सगळे कर भरून 18 ते 20 लाखांपर्यंत जाऊ शकतो. महिंद्राची थार, मारुतीची जिम्नी की फोर्सची गुरखा? पेट्रोल की डिझेल? नवी की वापरलेली? आणि वर्षाच्या कोणत्या दिवसांत घ्यावी?

उत्तर: गेली 22 वर्षे मी भांडुपच्या माझ्या गॅरेजमध्ये प्रामुख्याने याच जातीच्या गाड्यांची कामे करतो आणि हिवाळ्यात नव्या मालकांना कच्च्या वाटेवर गाडी चालवायला शिकवतो. या अनुभवातून एक गोष्ट मला अगदी खात्रीने सांगता येते. हौसेने घेतलेल्या ज्या गाड्या दोन-तीन वर्षांत विक्रीला निघतात, त्यांतील बहुतेक गाड्यांचे इंजिन उत्तम असते, चेसिस उत्तम असते आणि मीटरवर जेमतेम आठ-नऊ हजार किलोमीटर झालेले असतात. त्या विकल्या जाण्याचे कारण बोनेटखाली नसते, ते मागच्या सीटवर असते. पहिल्या चार सहलींनंतर मुलांना गाडी लागते, आईला चढता येत नाही, पत्नी म्हणते की आपण आपली नेहमीचीच गाडी घेऊ, आणि मग ही गाडी बिल्डिंगखाली उभी राहते. म्हणून आपण विचारलेल्या तीन नावांची तुलना मी करणारच आहे, पण ती पुढच्या सीटवरून नव्हे, मागच्या सीटवरून करणार आहे.

सुरुवात माणसे मोजण्यापासून करावी. तीन दारांची थार आणि पाच दारांची जिम्नी या दोन्ही गाड्यांच्या आरसी पुस्तकात आसनक्षमता चार अशी नोंद असते. आपण पाच जण आहात. पाचवे माणूस मध्ये दाटीवाटीने बसवणे हा आपल्याकडे नित्याचा प्रकार असला, तरी त्या माणसाला सीटबेल्टच नसतो, ते कायद्यात बसत नाही आणि अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यात अडचण उभी राहू शकते. पाच जणांनी एकत्र जायचे असेल तर या नावांत ऑगस्ट 2024 मध्ये आलेली पाच दारांची थार रॉक्स किंवा पाच दारांची गुरखा एवढेच पर्याय उरतात. त्यामुळे सर्वांत आधी घरात बसून एक प्रश्न सोडवावा: आई वर्षातून किती वेळा या गाडीने येणार आहेत? गणपती, शिमगा आणि मे महिना एवढ्यासाठीच त्या गावी जात असतील, तर त्या फेऱ्या सेडान आजही करते आहे आणि उद्याही करील. हौसेची गाडी मग चौघांची समजून निवडता येते. दर महिन्याला त्या सोबत असणार असतील, तर थार आणि जिम्नी ही नावे आजच बाजूला ठेवावीत.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगतो आहे, ते एका प्रसंगावरून लक्षात येईल. एका गृहस्थांसोबत मी तीन दारांची थार पाहायला शोरूममध्ये गेलो होतो आणि माझ्या सांगण्यावरून त्यांनी त्यांच्या आईलाही आणले होते. विक्रेत्याने पुढची सीट झुकवून पुढे सरकवली. आजींनी एक हात दाराच्या चौकटीला आणि दुसरा सीटच्या पाठीला लावला, नऊवारीचा काठ सावरत पाऊल पायरीवर ठेवले. पण गुडघा वाकवून शरीर आत वळवायला जी जागा लागते तीच तिथे नव्हती. दोनदा प्रयत्न करून त्या शांतपणे खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही जा, मी घरी बरी." त्या एका वाक्याने तो सौदा थांबला, आणि थांबला ते चांगलेच झाले. गाडी पाहायला जाताना पूर्ण घर सोबत न्यावे. 13 वर्षांच्या मुलाला मागे बसवून तासभराची टेस्ट ड्राइव्ह मागावी, निदान घोडबंदर रस्त्यासारख्या खड्ड्यांच्या आणि वळणांच्या वाटेने न्यावी. तीन दारांच्या थारमध्ये मागच्या काचा उघडत नाहीत आणि उंच गाडी वळणावर अधिक कलते. ज्या मुलांना घाटात मळमळते त्यांच्यासाठी या दोन गोष्टी एकत्र येणे त्रासाचे असते. लहान मुलाची चाइल्ड सीट आयसोफिक्सच्या, म्हणजे ती गाडीला जखडण्यासाठी दिलेल्या, कड्यांना प्रत्यक्ष अडकवून पाहावी. ती बसते, पण तीन दारांच्या गाडीत दर वेळी अर्धे शरीर आत घालून ती बसवणे कोणाच्या वाट्याला येणार आहे, हेही तेव्हाच ठरवावे.

दुसरी मोजणी पार्किंगची, आणि मुंबईत ती किंमत ठरवण्याच्या आधी करावी लागते. आपल्याकडे नव्या इमारतींत यांत्रिक स्टॅक पार्किंग असते आणि त्याच्या प्रत्येक मजल्याला उंचीची, रुंदीची आणि वजनाची मर्यादा असते. जिम्नीची उंची सुमारे 1.72 मीटर, थारची सुमारे 1.85 मीटर आणि गुरखाची जवळजवळ 2.1 मीटर आहे. सेडानसाठी बांधलेल्या मजल्यात यांतली एकही गाडी न मावण्याची शक्यता बरीच आहे. सोसायटीच्या कार्यालयातून त्या यंत्रणेची लेखी मर्यादा मिळवावी आणि तरीही स्वतः मोजपट्टी लावून पाहावे, कारण कागदावरचे माप आणि वर लोंबणाऱ्या केबलच्या खालचे माप यांत फरक असतो. रुंदीतही मोठा फरक आहे: जिम्नी 1645 मिलिमीटर, तर थार 1820 मिलिमीटर. मुलुंडच्या जुन्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असताना हा 17 सेंटिमीटरचा फरक रोज जाणवतो. शिवाय या सर्व गाड्यांचे मागचे दार स्टेपनी पाठीवर घेऊन बाजूला उघडते. मागे भिंत असेल तर डिकी उघडण्यासाठी दर वेळी गाडी पुढे घ्यावी लागेल.

आता फोर बाय फोर म्हणजे नेमके काय, याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे पैसे वायाही जातात आणि सार्थकीही लागतात. आपण विचारलेल्या तिन्ही गाड्यांत पार्ट-टाइम पद्धतीची यंत्रणा आहे. एरवी इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. लिव्हर ओढल्यावर ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र जखडतो आणि चारही चाके ओढू लागतात. याला फोर एच म्हणतात. त्याखालची लो रेंज, म्हणजे फोर एल, गती निम्म्याहून कमी करून ओढ दुपटीहून अधिक वाढवते, त्यामुळे मोठ्या दगडावरून गाडी मुंगीच्या पावलांनी चढवता येते आणि उतारावर ब्रेकला हात न लावता इंजिनाच्या आधारे उतरवता येते. मात्र वळण घेताना पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा मार्ग कापतात. माती किंवा चिखल असेल तर चाके थोडी घसरून तो फरक भरून काढतात, कोरड्या डांबरावर त्यांना घसरता येत नाही आणि सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. "जास्त सुरक्षित" म्हणून कोरड्या हायवेवर फोर एच लावून पुण्याला गेलेल्या गाड्यांचे ट्रान्सफर केस मी उघडले आहेत. तो खर्च मोठा असतो आणि पूर्णपणे टाळता येण्यासारखा असतो.

चारही चाकांना ताकद मिळाली म्हणजे गाडी अडकणारच नाही, हाही एक गैरसमज आहे. ओबडधोबड जागी तिरक्या कोपऱ्यांवरची दोन चाके, म्हणजे पुढचे डावे आणि मागचे उजवे, हवेत आली की साधे डिफरेन्शियल, म्हणजे एकाच आसावरच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची पेटी, सगळी गती त्या मोकळ्या चाकांनाच देते आणि जमिनीवरची चाके स्वस्थ राहतात. यावर उपाय दोन प्रकारचे आहेत. जिम्नीमध्ये मोकळ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसरीकडे वळवणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आहे. गुरखामध्ये पुढे आणि मागे दोन्हीकडे चालकाने स्वतः लावायचे, एका आसावरची दोन्ही चाके एकत्र जखडणारे यांत्रिक लॉक आहेत. थारमध्ये यांत्रिक लॉक काही मॉडेलांवरच मिळते, म्हणून बुकिंग करण्यापूर्वी नेमके मॉडेल लिहून घेऊन खात्री करावी. आपल्या गावच्या वाटेचे वर्णन पाहता, म्हणजे लाल माती, एक ओहोळ आणि शेवटचा चढ, ब्रेकवर चालणारी व्यवस्था पुरेशी आहे. यांत्रिक लॉक लागेल अशा जागी आपण मुलांना घेऊन जाऊही नये.

थारचे फक्त मागची चाके फिरवणारे मॉडेल बरेच स्वस्त का, असे अनेक जण विचारतात. त्यामागे कराचे गणित आहे. सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतील आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर 18 टक्के आणि त्याहून मोठ्या गाड्यांवर 40 टक्के जीएसटी आहे. थारचे दीड लिटर डिझेल इंजिन पहिल्या गटात बसते. फोर बाय फोर थारची दोन लिटर पेट्रोल आणि 2.2 लिटर डिझेल इंजिने दुसऱ्या गटात जातात, आणि जिम्नीही चार मीटरच्या आत असूनही 1462 सीसीच्या पेट्रोल इंजिनामुळे दुसऱ्याच गटात जाते. ज्यांना केवळ उंच बसण्याची आणि त्या रूपाची आवड आहे, त्यांनी मागच्या चाकांची थार जरूर घ्यावी, त्यात काहीही कमीपणा नाही. पण पावसाळ्यात ओल्या गवताच्या चढावर ती गाडी एखाद्या साध्या हॅचबॅकसारखीच जागेवर चाके फिरवते. आपल्याला भर पावसात गावी पोहोचायचे आहे; आपल्यासाठी ते मॉडेल नाही.

डिझेलविषयी माझे मत अनेकांना पटत नाही, तरी स्पष्ट लिहितो. महिन्यातून दोनदा बाहेर पडणाऱ्या आणि एरवी मुलुंड ते ठाणे एवढ्याच फेऱ्या होणाऱ्या गाडीसाठी आजचे डिझेल इंजिन योग्य नाही. बीएस-6 डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी धरून ठेवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, असते. ती काजळी जाळण्यासाठी इंजिन चांगले तापून सलग पंधरा-वीस मिनिटे मोकळ्या रस्त्यावर चालावे लागते. एलबीएस मार्गाच्या कोंडीत ते घडत नाही, दिवा लागतो, मालक दुर्लक्ष करतात आणि मग ती गाडी माझ्याकडे टो होऊन येते. महाराष्ट्रात 10 ते 20 लाख किमतीच्या पेट्रोल गाडीवर 12 टक्के आणि डिझेलवर 14 टक्के एकरकमी वाहनकर आहे, म्हणजे डिझेलसाठी सुरुवातीलाच दोन टक्के जास्त जातात, आणि वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत ते इंधनाच्या बचतीतून लवकर भरून निघत नाहीत. डिझेलची खालच्या फेऱ्यांतली ओढ घाटात आणि चिखलात सुखाची असते, हे मी नाकारत नाही. ज्यांचे दर आठवड्याला नाशिक किंवा कोल्हापूर होते त्यांनी डिझेलच घ्यावे.

आता गाड्यांकडे वळतो. थारचे पेट्रोल इंजिन सुमारे 150 अश्वशक्तीचे आणि 300 ते 320 न्यूटन-मीटर टॉर्कचे, म्हणजे ओढीचे, आहे. ते चालवताना मन प्रसन्न होते, घाटात चौघांसह सामान असले तरी दम लागत नाही, आणि 2020 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत या गाडीने पाचपैकी चार तारे मिळवले आहेत. शहराच्या कोंडीत पेट्रोल ऑटोमॅटिक लिटरला आठ-नऊ किलोमीटरच्या आसपासच देते, हे मात्र मनाशी धरून चालावे. तिची खरी उणीव म्हणजे तीच, मागची सीट. थार रॉक्सने ती दूर केली आहे: पाच दारे, पाच माणसे, नीट डिकी आणि 2024 मध्ये भारत एनकॅपचे पाच तारे. पण तिच्यात फोर बाय फोर फक्त डिझेलबरोबर मिळते, मुंबईत तिची किंमत आपल्या मर्यादेच्या वर जाते आणि 4.4 मीटरहून अधिक लांबीची ही गाडी दुसरी म्हणून नव्हे, घरातली मुख्य गाडी म्हणून शोभते. गुरखा ही पुण्याच्या फोर्स मोटर्सची गाडी आहे आणि या तिघींत सर्वांत खडतर वाटेसाठी तीच तयार आहे: दोन्ही लॉक, कारखान्यातूनच बसवलेला स्नॉर्कल, म्हणजे इंजिनासाठी उंचावरून हवा घेणारी नळी, आणि 700 मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता. सह्याद्रीतल्या आडवाटा हाच ज्यांचा छंद आहे त्यांना मी डोळे मिटून गुरखा सांगतो. परंतु तिची उंची, रुंदी आणि डिझेल इंजिन यांमुळे मुंबईत, बिल्डिंगखाली, घरातील दुसऱ्या माणसालाही सहज चालवता यावी अशी ती गाडी नाही.

उरली जिम्नी. जून 2023 मध्ये पाच दारांची जिम्नी आली तेव्हा लोकांनी तिच्या 105 अश्वशक्तीकडे आणि 134 न्यूटन-मीटरकडे पाहून नाके मुरडली. चौघे आणि सामान घेऊन वरंध चढताना ताकद कमी वाटते, गिअर खाली घ्यावा लागतो आणि इंजिन मोठ्याने बोलते, हे खरेच आहे. तरीही ती सुमारे 1200 किलोची, म्हणजे या सर्वांत सर्वांत हलकी गाडी आहे, आणि चिखलात हलकेपणा हीच मोठी ताकद असते. जिथे जड गाडी स्वतःच्या वजनाने खाली बसते तिथून ती वरच्या वर निघून जाते. पुढे-मागे अखंड आस, शिडीसारखी चेसिस, खरी लो रेंज आणि प्रत्येक मॉडेलमध्ये फोर बाय फोर आणि सहा एअरबॅग असे सर्व तिच्यात आहे. मागे बसायला स्वतंत्र दारे आहेत आणि काचा खाली होतात. मागच्या सीट उघड्या असताना डिकी 208 लिटरचीच आहे, म्हणजे चौघांच्या दोन दिवसांच्या पिशव्या कोंबून बसतात, त्याहून अधिक नाही. सुरक्षेच्या बाबतीत थार किंवा रॉक्ससारखे तारे दाखवता येत नाहीत. तीन दारांच्या जिम्नीला 2018 मध्ये युरो एनकॅपने तीन तारे दिले होते. हायवेवर ही गाडी 80-90 च्या पुढे नेऊ नये आणि अटल सेतूवर आडवा वारा असेल तेव्हा त्याहून सावकाश चालवावी, असे मी प्रत्येक मालकाला सांगतो.

पाण्याविषयी सविस्तर सांगणे भाग आहे, कारण मुंबईत या गाड्या घेणाऱ्यांच्या मनात 26 जुलै 2005 ची आठवण अजून ताजी असते. सांताक्रूझला त्या दिवशी 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. थारसाठी पाण्याची मर्यादा 650 मिलिमीटर दिलेली आहे, पण ती स्थिर पाण्याची, तळ माहीत असलेल्या जागेची आणि चालण्याच्या गतीची आहे. मिलन सबवेत किंवा अंधेरी सबवेत खोली डोळ्यांना कळत नाही आणि समोरून आलेल्या बसच्या लाटेने पाणी एकदम हातभर वर येते. हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये शिरले की पिस्टनला ते दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन संपते. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा नाकारले जाते, म्हणून इंजिन प्रोटेक्ट हे जोड कलम घ्यावेच. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये, ढकलून बाहेर काढावी. गावच्या ओहोळाचेही तेच: पाणी गढूळ आणि वाहते असेल तर गाडी अलीकडे लावून चालत जावे. वाहते पाणी गुडघ्याएवढे असले तरी हलकी गाडी बाजूला सरकवू शकते.

पाण्यातून बाहेर आल्यावरचे एक काम फार कमी लोक करतात. लांब चालून तापलेले डिफरेन्शियल थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आक्रसते आणि हवेच्या नळीतून किंवा सीलमधून थोडे पाणी आत ओढले जाते. अशा गाडीचा ड्रेन नट मी उघडला की खाली मधासारखे सोनेरी तेल येण्याऐवजी दुधाच्या चहासारखे पांढुरके तेल येते. त्या तेलात गिअरवरचे बेअरिंग काही महिन्यांतच खरवडले जाते. पावसाळ्यानंतर एकदा पुढचे, मागचे आणि ट्रान्सफर केसचे तेल तपासून घ्यावे. फार खर्चाचे काम नाही.

हीच तपासणी वापरलेली गाडी घेताना सर्वांत उपयोगी पडते. रंग आणि सीट कव्हर पाहण्यात वेळ घालवू नये. गाडी लिफ्टवर घ्यावी, तिन्ही तेलांचा रंग पाहावा, चेसिसच्या आतल्या बाजूला टॉर्च मारून गंज पाहावा आणि गिअरबॉक्सखालच्या प्लेटवर दगडाचे ओरखडे आहेत का ते पाहावे. मातीच्या जागेवर फोर एच आणि फोर एल दोन्ही लावून पाहावेत. अनेक गाड्यांत वर्षानुवर्षे लिव्हर हललेलीच नसते. कार्पेट उचलून वास घ्यावा, पुराच्या पाण्याचा कुबट वास परफ्यूमने जात नाही. दिल्लीहून स्वस्तात येणाऱ्या डिझेल गाड्यांपासून मी लोकांना सावध करतो. तिथे जुन्या डिझेल गाड्यांवर असलेल्या निर्बंधांमुळे त्या इकडे येतात, मग ना हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्राचा कर आणि नवी नोंदणी यांत स्वस्ताई विरून जाते. जुन्या गाड्यांत मागे आडव्या, समोरासमोर बसायच्या सीट असतात, त्यांवर मुलांना मुळीच बसवू नये. एवढे सांभाळून दोन-तीन वर्षांची, पहिल्या मालकाची, कमी फिरलेली गाडी मिळाली तर ती नव्यापेक्षा शहाणपणाची खरेदी ठरते. वर सांगितलेल्या उभ्या राहिलेल्या गाड्या त्याच आहेत.

वाचलेल्या पैशांतून दोन गोष्टींसाठी रक्कम बाजूला ठेवावी. पहिली शिकण्यासाठी. महिंद्राने इगतपुरीजवळ ऑफ-रोड प्रशिक्षणासाठी अकादमी उभारली होती आणि लोणावळा परिसरातही खासगी ट्रॅकवर प्रशिक्षक भेटतात. पती-पत्नी दोघांनीही एकेक दिवस शिकावे, कारण आडरानात एकालाच गाडी चालवता येणे धोक्याचे असते. दुसरी रक्कम साधनांसाठी: हवेचा दाब मोजायचे चांगले गेज, बॅटरीवर चालणारा कंप्रेसर, अडकलेली गाडी ओढायची योग्य क्षमतेची पट्टी, ती जोडायच्या दोन शॅकल म्हणजे लोखंडी कड्या, आणि फावडे. विंच, छतावरचे दिवे आणि लोखंडी बंपर यांची आपल्याला गरज नाही. बुल बारवर तर डिसेंबर 2017 मध्येच केंद्राने बंदीचे आदेश काढले आहेत, आणि गाडीच्या मूळ रचनेत केलेले बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली येतात. टायर मोठे बसवले की स्पीडोमीटर चुकतो आणि जिम्नीसारख्या गाडीची आधीच बेताची ताकद आणखी घटते. मूळ मापाचे ऑल-टेरेन टायर घेतले की पुरे.

त्या गेजची किंमत मला गेल्या वर्षी ताम्हिणीच्या अलीकडे एका विद्यार्थ्याला दाखवता आली. त्याची गाडी लाल चिखलात आसापर्यंत रुतली होती आणि तो घाबरून एक्सिलेटर दाबत होता. चाक फिरेल तेवढा खड्डा खोल होत होता आणि टायरच्या खाचा मातीने भरून गुळगुळीत झाल्या होत्या. मी त्याला इंजिन बंद करायला लावले. चारही टायरमधली हवा 32 वरून 18 पीएसआयवर आणली, चाकांपुढची माती हाताने उकरून उतार केला आणि लो रेंजच्या दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच सोडून, एक्सिलेटरला पाय न लावता गाडी निघू दिली. टायरचा तळ पसरला होता, तो चिखलावर पायासारखा टेकला आणि गाडी कोणी न ओढता बाहेर आली. डांबरावर येण्यापूर्वी मात्र हवा पूर्ववत भरायलाच हवी, कमी हवेच्या टायरने वेगात वळण घेतल्यास टायर रिमवरून निखळू शकतो. पट्टीने ओढण्याची वेळ आलीच तर ती कंपनीने दिलेल्या हुकालाच लावावी, बंपरला किंवा आसाला नाही, आणि मुलांना पट्टीच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर उभे करावे.

कुठे जावे याबद्दल एकच विनंती आहे. समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालू नये. अलिबाग ते दापोली पट्ट्यात भरतीत अडकलेल्या गाड्यांची छायाचित्रे दरवर्षी येतात, पोलीस गुन्हे नोंदवतात आणि खारे पाणी चेसिस खाऊन टाकते, हे सगळे आहेच. पण वेळास आणि आंजर्ले येथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत अंडी घालतात आणि त्या वाळूवरून गेलेले एक चाक पुरे घरटे चिरडते. सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, फुलेही तशीच, एकदा चाकाची चाकोरी पडली की पुढची कित्येक वर्षे ती भरत नाही. ज्या वाटा गावकऱ्यांच्या बैलगाड्यांनी आणि ट्रॅक्टरने आधीच पडलेल्या आहेत, त्या गावात विचारून वापराव्यात. वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा प्रशासन बंद ठेवते, तेव्हा गावी महाडकडूनच जावे आणि घाटाकडे वळू नये.

गाडी उभी राहते तेव्हाही तिची देखभाल लागते. दर आठवड्याला वीस मिनिटे ती बाहेर न्यावी, नाहीतर पावसाळ्यात बॅटरी उतरते, ब्रेक डिस्कवर गंज चढतो आणि कधी क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसते. महिन्यातून एकदा मातीच्या मैदानात फोर एच लावून शंभर-दोनशे मीटर चालवावी, म्हणजे आतल्या भागांना तेल लागते. उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून बोनेट उघडून पाहण्याची सवय ठेवावी.

आपल्या घरासाठी माझा सल्ला असा: आई वर्षातून तीन-चार वेळाच येणार असतील आणि त्यासाठी सेडान वापरायची तयारी असेल, तर जिम्नी घ्यावी, शक्यतो मॅन्युअल गिअरची, आणि दोन वर्षे वापरलेली चांगली मिळत असेल तर तीच. 13 वर्षांचा मुलगा उंच असेल आणि तासाभरात त्याचे गुडघे अवघडत असतील, तर वापरलेल्या रॉक्ससाठी आणखी वर्षभर थांबावे. तीन दारांची थार तुम्हा दोघांना नक्कीच सर्वांत जास्त आवडेल, तरीही ती घेऊ नये. नवी घ्यायचे ठरल्यास डिसेंबरच्या शेवटी जावे. त्या वेळी सरत्या वर्षाच्या उत्पादनावर विक्रेते सूट देतात. फक्त उत्पादनाचा महिना चेसिस क्रमांकावरून तपासून घ्यावा आणि विकताना गाडी एक वर्ष जुनी धरली जाईल, हे त्या सवलतीच्या हिशेबात धरावे. जानेवारी ते मे एवढे पाच महिने कोरड्या जमिनीवर हात बसवायला मिळतात, आणि जूनमध्ये गावच्या वाटेवर पहिला चिखल लागेल तेव्हा दोघांनाही लिव्हर कधी ओढायची आणि गाडी अलीकडे लावून चालत कधी जायचे, हे माहीत झालेले असेल.